खाऱ्या पाण्याचा तोल

रोहा, १४ फेब्रुवारी १९५४

कान्हू,

रामराम. पत्र सखाचं आहे, हे अक्षरावरून ओळखलंच असशील. माझ्या वहीवर कोंबडी नाचून गेली आहे असं मास्तर म्हणायचे. ती कोंबडी अजून जिवंत आहे.

आमचा तंबू सध्या रोह्याला कुंडलिकेच्या काठच्या मैदानात लागलाय. मालक हैबतराव दारावर, मी आत मशीनवर. गेल्या आठवड्यात तुमच्या स्टुडिओचा तो देवळाचा चित्रपट लावला. सुरुवातीलाच कळस दिसतो आणि मग आपण कळसावरून खाली यायला लागतो. घंटा येते, सभामंडप येतो, माणसं येतात, आणि शेवटी पायरीवर बसलेल्या म्हातारीचा चेहरा. कुठे धक्का नाही, कुठे अडखळणं नाही. मी या मशीनवर पाच वर्षं आहे. इतर चित्रपटांत कॅमेरा खाली येतो तो माळ्यावरून ट्रंक उतरवावी तसा. हे काही निराळंच होतं. तंबूतले लोक विडी ओढायची विसरले. बारा खेळ केले, बाराही वेळा मी मशीनच्या भोकाला डोळा लावून उभा होतो.

आणि मग परवा आपला महिपती भेटला, मुंबईला जाऊन आलेला. तो म्हणतो, ते उतरणं कान्हूचं आहे, स्टुडिओत सगळे त्याला विचारतात. अरे चोरा, इतकी वर्षं पत्रं लिहितोस, आणि मला वाटतंय तू तिथे सेटला खिळे ठोकतोस. मी तर कालपासून खेळाआधी भोंग्यावरून सांगायला लागलोय की कळसावरून उतरवणारा माणूस आपल्या पेणचा आहे. हैबतराव म्हणाले, जाहिरात फुकट का करतोस? मी म्हटलं, मित्र आहे, फुकटच करणार.

रविवारी गावी गेलो होतो. तुझ्या आईला, काशीकाकीला, सगळं सांगितलं. ती मिठागरावरून आली होती, पायाला अजून चिखल होता. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पिच्चरच्या पाटीवर त्याचं नाव येतं काय रं?" मी म्हटलं, नाही येत. "मग तो नाय," म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

आता तूच लिही. हे केलंस कसं ते नीट कळव, म्हणजे मला तिला समजावता येईल.

तुझा
सखा

मुंबई, ३ मार्च १९५४

सखा,

रामराम. तू विचारलंस म्हणून लिहितो. एरवी हे काम सांगण्यासारखं नाही, करून दाखवण्यासारखं आहे.

कॅमेरा वरखाली करायचं विलायती यंत्र मोठ्या स्टुडिओंकडे आहे. आमच्याकडे होता बांबूचा माचा आणि दोर धरणारी चार माणसं. माणूस श्वास घेतो तोही पडद्यावर दिसतो. आमचे कॅमेरामन कमळाकरदादा रोज कपाळाला हात लावायचे. मी सुतारखात्यात. एक दिवस धीर करून त्यांना म्हटलं, आमच्याकडे विहिरीवर लाट असते, एका टोकाला घडा आणि दुसऱ्या टोकाला दगड, तसं काही करू या. ते हसले नाहीत. कर म्हणाले.

भाऊच्या धक्क्यावरून मोडीत निघालेल्या पडावाची डोलकाठी आणली. मोटारीच्या आसावर ती बसवली. लांब टोकावर कॅमेरा आणि दादांची बैठक, आखूड टोकाला शिशाचे ठोकळे. तोल तर झाला, पण एक ठोकळा काढला की दादा धपकन खाली. महिनाभर त्यांची कंबर धरली होती.

मग बाबा आठवले. मिठागराच्या बांधातून पाणी सोडायच्या उघाडीची फळी ते उचलायचे ते तुला आठवतं का? बोटभर वर उचलून ठेवून द्यायचे आणि तंबाखू मळत बसायचे. आगरातलं पाणी उतरताना कधी दिसायचं नाही, तळाचा चिखल दिसला की कळायचं उतरलं म्हणून. मी ठोकळे काढले आणि तिथे पाण्याचं पिंप टांगलं. पिंपाला खाली तोटी. तोटी सोडली की पिंप हलकं होत जातं आणि कॅमेरा आपल्या आपण खाली येतो. मी दांडीला नुसता हात लावून चालायचं, दिशा द्यायला. गोड्या पाण्याचं पिंप फार मोठं व्हायचं, कॅमेऱ्यातच दिसायचं. म्हणून वडाळ्याहून मीठ आणलं आणि बटाटा तरंगेल इतकं पाणी खारं केलं. तेवढ्याच पिंपात वजन चांगलंच वाढलं.

मोटर नाही म्हणून घरघर नाही. नटनटी बोलत असतानाही कॅमेरा उतरवता येतो. आवाज टिपणारे साहेब कधी कुणाशी बोलत नाहीत, तेही येऊन पाठ थोपटून गेले. सात महिने गेले, अकरा वेळा मोडलं. पहिल्यांदा दादा नीट खाली आले तेव्हा बैठकीवरून उठेचनात. म्हणाले, कान्हू, पुन्हा वर घे. लहान पोराला पाळण्यातून उतरायचं नसतं तसं चाललं होतं त्यांचं.

आईला सांग, सुतारखात्यातल्या कुणाचंच नाव पाटीवर येत नाही, त्यात लाज काही नाही. आणि हेही सांग की नवा चित्रपट एका बांधावरच्या गावाचा आहे. त्यात हे उतरणं जागोजाग आहे. दिग्दर्शकांनी मला बांध कसा असतो ते विचारून घेतलं. सखा, मला हे काम फार आवडतं. दुसऱ्या कुणाला असं लिहिणार नाही.

तुझा
कान्हू

पेण, १८ एप्रिल १९५४

कान्हू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग हैबतरावांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, हा माणूस इंग्लंडात जन्मला असता तर त्याला टोपी घालून राजवाड्यात बोलावलं असतं. मी म्हटलं, आपल्याकडे त्याला त्याची आई मिठागरावर बोलावते आहे.

ते खरंच आहे, म्हणून मस्करी पुरे. तंबू पेणला आला तसा मी गावी गेलो. काकी आगरात होती. मीठ ओढून ढीग लावणं चाललं होतं, दोन मजूर बाया आणि ती. तिला तिथेच बांधावर बसवून तुझं पत्र वाचून दाखवलं. उघाडीचा मजकूर आला तेव्हा तिने मीठ ओढायचा हातातला पावडा खाली ठेवला. मला वाटलं, जिंकलं. तर म्हणते कशी, "मिठाचं पानी पिपात भराया मुंबईला कशाला जावं लागतं? हितं कमी हाय काय?"

मग खरं बोलली. तुझे बाबा जाऊन सहा वर्षं झाली, तू गेल्याला पाच. आगर तिने एकटीने राखलं ते तुझ्यासाठी. आता तिची कंबर वाकत नाही. तुझा चुलतभाऊ जनू मागे लागलाय, काकी मला लावून द्या म्हणतो. आगराच्या मालकालाही कसणाऱ्याचं एकच नाव हवं आहे. ती म्हणाली, "सक्रांतीपर्यंत वाट बघीन. आला तर त्याचं. नाय आला तर जनूचं. एकदा जनूला दिलं का परत मागनार नाय." तुला ठाऊक आहे, ती बोलली की बोलली.

माझं मत विचारशील तर मी दोन्हीकडून मार खाणारा ढोल आहे. तिची धरलेली कंबर पाहिली की वाटतं तू यावंस. मशीनवर उभा राहिलो की वाटतं तू येऊ नयेस. कान्हू, शंभर माणसं मीठ पिकवू शकतील, ते उतरणं दुसऱ्या कुणाला सुचलं नाही. तू ठरव. संक्रांतीला अजून नऊ महिने आहेत.

सखा

मुंबई, ११ नोव्हेंबर १९५४

सखा,

मध्ये सहा-सात महिने पत्र नाही, रागावू नकोस. काम होतं.

आईला सांग, मी येतो. संक्रांतीच्या आत येतो आणि कायमचा येतो. आगर जनूला देऊ नको म्हणावं. बांधाचं आणि उपसण्याचं काम पहिल्यासारखं जमेल की नाही सांगता येत नाही, सवय गेली आहे, पण जमेल तेवढं करीन.

इथलं पुरे झालं. विचारू नकोस. तब्येत चांगली आहे.

कान्हू

नागोठणे, २५ नोव्हेंबर १९५४

कान्हू,

सहा महिने गप्प आणि मग नऊ ओळी. तुझ्या पत्रापेक्षा वाणसामानाची यादी मोठी असते.

विचारू नकोस म्हणतोस म्हणून विचारत नाही, नुसता अंदाज करतो. एक, कुणाशी तरी भांडलास. दोन, कुणी तरी मुलगी आवडली आणि तिने नाही म्हटलं. तीन, दोन्ही. स्टुडिओत देखण्या बाया काय कमी असतील? बरं झालं, म्हणतो मी. इथल्या पोरींना नवरा मीठ पिकवणारा असला तरी चालतो, आणि मुंबई पाहिलेला असला तर धावतच येतील.

गावी सांगून आलो. काकीने दुसऱ्या दिवसापासून घर सारवायला घेतलं. सुताराकडून नवा पावडा करून घेतला आणि तुझ्या उंचीचा दांडा लाव म्हणून त्याच्या डोक्यावर बसली. तो म्हणाला, पोरगा पाच वर्षांत वाढला असेल. ती म्हणाली, "पंचवीस वर्सांचा मानूस वाढत नसतो." जनूचं तोंड पडलंय, पण तो चांगला आहे, म्हणाला, भाऊ येतोय तर येऊ दे.

तुमचा तो बांधाचा चित्रपट आमच्याकडे येतोय. मुंबईत दोन आठवड्यांत उतरला म्हणे, त्यामुळे तंबूवाल्यांना लवकर मिळाला. मला त्याचं वाईट वाटलं, आनंदही झाला. इथून उठून आम्ही पेणला जातो. तिथे मी काकीला तंबूत आणणार आहे. आता तू परत येतोच आहेस, तेव्हा तिचा रागही राहिला नाही. पाच वर्षं तिचा मुलगा काय करत होता ते तिने एकदा डोळ्यांनी पाहावं एवढीच माझी इच्छा.

सखा

मुंबई, २ डिसेंबर १९५४

सखा,

कार्डावर लिहितो, लवकर पोचावं म्हणून. तो चित्रपट आईला दाखवू नकोस. कारण सांगत नाही. एवढं माझं ऐक.

कान्हू

पेण, १४ डिसेंबर १९५४

कान्हू,

तुझं कार्ड नागोठण्याला गेलं आणि तिथून मागे मागे आज इथे पोचलं. मी काकीला परवाच चित्रपट दाखवला. आता जे झालं ते लिहितो, आणि तू मला खरं उत्तर द्यायचं आहेस.

संध्याकाळच्या पहिल्या खेळाला तिला आणलं. सोबत शेजारची बायजाबाई. पहिल्या रांगेत सतरंजीवर बसायला नको म्हणाली, मागे माझ्या मशीनपाशी स्टुलावर बसली. सुरुवातीला तिने तुमच्या बांधाला नावं ठेवली. चिखल कोरडा आहे, उतार भलतीकडे आहे, हा बांध पहिल्या उधाणाला जाईल. (पुढे तो जातोच, पण ते तिला माहीत नव्हतं.)

मग ते उतरणं आलं. आभाळ, भरतीचं पाणी, पाण्यावरून बांध, बांधावरून ती वाट पाहणारी बाई आणि तिचे डोळे. कान्हू, देवळापेक्षाही हे सुंदर आहे. काकीने स्टुलाची कड धरली. तिने आयुष्यात कधी उंचावरून खाली पाहिलेलं नाही. मी हळूच म्हटलं, काकी, आत्ता तुला खाली घेऊन येतोय तो कान्हू. तिने मान डोलावली. पुढे चार वेळा तसं आलं. दर वेळी ती आधीच ओळखायची आणि मला कोपराने ढोसायची. एकदा बायजाबाईला म्हणाली, "बग गो, आमचा कान्हू उतरवतोय. पानी सांडत नाय." बायजाबाईला काही कळलं नाही, पण मला तुझ्यासाठी भरून आलं.

खेळ संपला. मला वाटलं खूश असेल. ती बसूनच होती. लोक बाहेर पडले तरी उठेना. मग म्हणाली, "सखा, पोराला काय झालंय?"

मी म्हटलं, काय झालंय, मजेत आहे, येतोय.

"नाय," म्हणाली. "लग्नापर्यंत उतरत व्हता. लग्नाच्या वरातीनंतर एकदाबी नाय उतरला. बांध फुटला, पूर आला, ती बाई पान्यात गेली, तवा उतरायचा. तवाच नाय उतरला. हात असता तर उतरला असता."

मी हसण्यावारी नेलं. चित्रपट मागेपुढे करून घेतात, काकी, असं ज्ञान पाजळलं. तिने बायजाबाईला हाक मारली आणि चालू लागली. काल खेळाआधी मी शेवटची पाच रिळं एकट्याने लावून पाहिली. ती म्हणते ते खरं आहे. वरातीनंतर कॅमेरा जमिनीवरून उठतच नाही. नऊ खेळ मी केले, पाच वर्षं मशीनवर घासली, आणि हे मला दिसलं नाही. जिने आयुष्यात पहिला चित्रपट पाहिला तिला दिसलं.

मग तुझं नोव्हेंबरचं पत्र काढून वाचलं. पहिल्यासारखं जमेल की नाही सांगता येत नाही, असं लिहिलं आहेस. मी त्यावर मुलींच्या गोष्टी केल्या. गाढव आहे मी.

काय झालं ते लिही. मुलगी नाही आणि भांडणही नाही, एवढं कळलंय.

सखा

मुंबई, २० डिसेंबर १९५४

सखा,

आता लपवून उपयोग नाही.

मे महिन्याच्या चौदा तारखेची गोष्ट. बांधाचा सेट शेवटी मोडायचा होता म्हणून या वेळी शूटिंग गोष्टीच्या क्रमानेच चाललं होतं. त्या दिवशी वरात होती. कमळाकरदादा पंधरा फूट वर बैठकीवर होते. मी तोटीपाशी. वरात खालून निघाली आणि दांडीत कट्ट असा आवाज झाला. पिंप ज्या लोखंडी आकड्याला टांगलं होतं तो आकडा तुटला. वर्षभर पिंप भरताना खारं पाणी वरून सांडायचं, ते बिजागरीत आणि आकड्यात शिरत होतं. वरून मी त्याला रंग देत होतो, आतून तो बिस्किटासारखा झाला होता.

सखा, ही चूक दुसऱ्या कुठल्याही सुताराने केली नसती. मीच केली. आपल्या आगरात लोखंड असतंच कुठे? पावडा लाकडाचा, उघाडीच्या फळ्या लाकडाच्या, खुंट्या लाकडाच्या. मीठ लाकडाला जपतं. बाबांच्या आजोबांची फळी अजून चालते आहे. मी मिठात वाढलो म्हणून मला वाटलं मला मीठ कळतं. मीठ लोखंडाचं काय करतं हे मुंबईतल्या कुठल्याही लोहाराने मला सांगितलं असतं. मी कुणाला विचारलं नाही.

पिंप गेलं तशी दादांची बाजू खाली निघाली. मी आखूड टोकावर उडी मारली आणि पिंपाच्या जागी लटकलो. माझ्या वजनाने दांडी थोडी सावरली, दादा पडले पण जोराने नाही. त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या, आता बरे आहेत. माझा डावा हात दांडी आणि खांब यांच्यामध्ये सापडला. दोन बोटं काढावी लागली. उरलेली मिटत नाहीत.

कुणी मला काढलं नाही. दादा तर इस्पितळातून सांगत होते, पोराला दोष देऊ नका. पण दांडी गोदामात टाकली आहे आणि दिग्दर्शकांनी पुढचं सगळं जमिनीवरून घेतलं. मला परत सुतारखात्यात घेतलं आहे. एका हाताने रंधा मारता येत नाही, म्हणून मी जमिनीवर पडलेल्या चुका गोळा करतो आणि वाकडे खिळे सरळ करून देतो. दादा दर आठवड्याला येऊन विचारतात, कान्हू, पुन्हा कधी वर घेणार? मी तोंड चुकवतो. माझ्यामुळे एक माणूस मरता मरता वाचला. मला परत त्या दांडीला हात लावायची हिंमत नाही. म्हणून मी येतोय. आगरात निदान कुणी माझ्या भरवशावर पंधरा फूट वर बसणार नाही.

आईला बोटांचं सांग, कारण आल्यावर दिसणारच. बाकीचं सांगू नकोस.

कान्हू

पेण, २ जानेवारी १९५५

कान्हू,

बाकीचंही सांगितलं. सगळं पत्र वाचून दाखवलं, एक ओळ गाळली नाही. तुला राग आला तर येऊ दे.

काकी आगरात नव्हती, घरी चुलीपाशी होती. बोटांचं ऐकलं तेव्हा रडली. खूप रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, पुढं वाच. लोखंडाचं आलं तेव्हा मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. तू आखूड टोकावर उडी मारलीस ते तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग बराच वेळ ती भाकऱ्या थापत राहिली. एक माझ्या पानात टाकली.

दोन दिवसांनी तिने मला पुन्हा बोलावून कागद काढायला लावला. म्हणाली, मी सांगते तसं लिही, तुझी अक्कल घालू नको. म्हणून खाली तिचेच शब्द आहेत.

"कान्हू, पोरा. तुझं बोट गेलं ते ऐकून माझं आतडं तुटलं. चूक झाली ती आमचीबी हाय. तुझ्या हातात आमी लोखंड कधी दिलंच नाय, तर तुला कसं कळनार. पन येक सांग. बांधाला खांड पडली म्हंजे आपुन काय करतो? घर उचलून डोंगरावर जातो काय? सगळा गाव चिखल घेऊन धावतो. तुझ्या बापाच्या टायमाला तीन डाव खांड पडली, तीनबी डाव त्यानं बुजवली. तो मानूस तुझ्यासाठी दर आठवड्याला येतो, तुला म्हनतो वर घे, आनि तू तोंड चुकवतो. ज्याची हाडं मोडली तो भीत नाय, तू का भितोस?

मी पिच्चर बगितला. मला त्यातलं गानं समजलं नाय, पन तू उतरवलंस ते समजलं. पाच वर्सं मी लोकांना सांगत व्हते, पोरगा खिळे ठोकतो. आता खिळे सरळ करायला गेलास, तर मी लोकांना काय सांगू?

काल मी आन जनू मालकाकडं गेलो. आगर जनूच्या नावानं केलं. आंगठा दिला. आता हितं तुला जागा नाय. येऊ नको."

एवढं सांगून उठली. मी म्हटलं, काकी, एवढं कठोर लिहू? म्हणाली, लिही. मग दारापर्यंत आली आणि मला हळूच म्हणाली, आठवड्याने पुन्हा ये आणि त्याचं काय आलं ते मला वाचून दाखव.

तू काय करणार ते मला माहीत नाही. पण कान्हू, मी तुझा मित्र आहे याचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. बोटं गमावलेल्या हाताबद्दल म्हणतोय मी. दांडीच्या आखूड टोकाला लटकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

सखा

मुंबई, २७ फेब्रुवारी १९५५

आये,

हे पत्र तुला आहे. सखा वाचून दाखवेल. त्यालाही सांग, त्याची अक्कल घालू नको म्हणून.

तू जागा नाही म्हणालीस. मी ते वाचून दोन दिवस कामावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी कमळाकरदादांकडे गेलो आणि म्हटलं, दादा, गोदामाची किल्ली मागा.

पिंप आता लाकडी आहे. माझगावच्या एका पिंप करणाऱ्या म्हाताऱ्याकडून करून घेतलं. टांगायला वेताची दोरी आणि बाभळीची खुंटी, खाली दुसरी खुंटी, एक गेली तरी दुसरी धरेल. तोटी पितळेची. लोखंड फक्त मधल्या आसाला, आणि तो पिंपापासून लांब आहे. एका लोहाराला दर आठवड्याला तपासायला बोलावतो. मी कुणालाही विचारायला आता लाजत नाही.

पहिल्यांदा मी स्वतः वर बसलो. दादांनी तोटी धरली. त्यांनी दोनदा विचारलं, सोडू का? बोटभर सोडा म्हणालो, आणि नुसतं बसा. मी खाली येताना काही कळलं नाही, जमिनीला पाय लागले तेव्हा कळलं. मग दादा वर बसले. उजवा हात तोटीवर होता, डावा मी दांडीवर टेकवला. मिटत नाही तरी टेकवता येतो. दिशा द्यायला तेवढा पुरतो.

सोमवारपासून नवीन चित्रपट सुरू होतो. स्टुडिओच्या मालकांनी त्यात सगळीकडे हेच उतरणं लावायला सांगितलं आहे. दादांनी त्यांच्याशी भांडून पाटीवर एक ओळ मागितली आहे. मिळेल की नाही ठाऊक नाही. मिळाली तर सखा ओरडून सगळ्या तंबूला सांगेलच.

जनूला माझा रामराम सांग, आगर नीट राख म्हणावं. उघाडीच्या फळ्यांना तेल लावायचं त्याला ठाऊक नसेल, ते तू दाखव.

होळीला चार दिवस सुट्टी आहे. धरमतरपर्यंत लाँचने येईन, तिथून वडखळवरून मिळेल ती गाडी. आगरकरी म्हणून जागा नाही, ते कळलं. पाहुणा म्हणून येतो. पाहुण्याला भाकरी असेल तर सखाला तसं लिहायला सांग.

तुझा
कान्हू